यंत्रकक्षातील अग्निशमन : वायूची निवड

(शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



गोव्यातील शेतकऱ्यास आज एक-चौदाचा उतारा हवा असला, तर तो संगणकातून निघतो. ती नोंद सांभाळणारे यंत्र ज्या खोलीत आहे ती खोली त्याने कधी पाहिलेली नसते. पण तेथे आग लागली तर हानी त्याचीही होते. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा नव्हे.

जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू एकत्र आले की आग पेटते. पाणी उष्णता हरण करते. परंतु वीज चालू असलेल्या यंत्रावर पाणी मारणे माणसास धोक्याचे आणि यंत्रास घातक. अशा जागी वायू योजतात. तो यंत्राच्या फटीफटीत शिरतो आणि मागे ओल वा पूड ठेवीत नाही. हा गुण बहुतेक सर्व वायूंत आहे. म्हणून निवड करावयाची ती त्यांचे दोष पाहून.

कार्बन डायऑक्साइड स्वस्त व परिचित आहे. मात्र खोली भरून आग विझवावयाची तर हवेत त्याचे प्रमाण किमान 34 टक्के लागते, आणि 10 टक्क्यांपुढे माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होतो. अमेरिकेतील आयडाहो येथे 28 जुलै 1998 रोजी एका संशोधन केंद्रात विद्युत्सामग्रीच्या देखभालीची तयारी चालू असता हा वायू पूर्वसूचनेवाचून सुटला. आग नव्हती, तरी एक कामगार प्राणास मुकला. हाती धरावयाचे लहान सिलिंडर उपयुक्तच आहेत. परंतु जेथे माणसे बसतात तेथे या वायूने खोली भरण्याची योजना नको.

हॅलॉन एके काळी सर्वमान्य होता. तो ओझोनच्या थराचा नाश करतो म्हणून 1987 च्या माँट्रियल कराराने त्यास आवर घातला. त्याच्या जागी आलेला एचएफसी-227ईए साधारण 7 ते 9 टक्क्यांत, दहा सेकंदांत सोडला जातो व त्यास जागा थोडी लागते. पण पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून अधिक आहे. अशा वायूंचा वापर घटविण्याचा किगाली करार 2016 साली झाला व भारताने त्यास 2021 मध्ये संमती दिली. आज बसविलेली योजना वीस वर्षे चालवावयाची, तर पुढे वायू भरून मिळेल काय, हा प्रश्न आजच विचारावा.

नत्रवायू, आरगॉन किंवा त्यांचे मिश्रण हवेतीलच असल्याने ही अडचण येत नाही. खोलीतील प्राणवायू 21 टक्क्यांवरून 12-13 टक्क्यांपर्यंत उतरतो. आग विझते आणि माणसास बाहेर पडण्यास अवधी मिळतो. मात्र सिलिंडर पुष्कळ लागतात व दाब फार असतो. सप्टेंबर 2016 मध्ये बुखारेस्ट येथील एका बँकेत अशा वायूची चाचणी घेताना त्याच्या प्रचंड आवाजानेच संगणकांच्या तबकड्या निकामी झाल्या. म्हणून आवाज कमी करणारी तोटी आणि दाब बाहेर सोडणारी झडप हवी.

वायू कोणताही असो, खोली गळकी असेल तर तो व्यर्थ जातो. त्याचे योग्य प्रमाण सुमारे दहा मिनिटे टिकले पाहिजे. आपल्या कचेऱ्यांत वायरींसाठी पाडलेली भोके तशीच राहतात, पावसाळ्यात फुगलेले दार नीट लागत नाही. ती आधी बुजवावीत, दार दुरुस्त करावे, मग पंख्याने दाब देऊन खोलीची गळती तपासून घ्यावी. वायू सुटण्यापूर्वी भोंगा वाजावा आणि सर्वांनी बाहेर पडण्याचा सराव केलेला असावा. या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

आणखी एक गोष्ट. लिथियमच्या बॅटऱ्या पेटल्या तर वायू ज्वाला दाबील, पण आतली उष्णता शमवू शकत नाही. दक्षिण कोरियातील देजॉन येथे 26 सप्टेंबर 2025 रोजी शासकीय संगणक केंद्रात अशाच बॅटऱ्यांपासून आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय सेवा थांबल्या, आणि ज्या दस्तऐवजांची दुसरी प्रत नव्हती ते कायमचे गेले. बॅटऱ्या वेगळ्या खोलीत ठेवाव्यात व नोंदींची प्रत दुसऱ्या गावी असावी.

सारांश, निविदा काढताना प्रथम माणसाचा विचार व्हावा, मग खोलीचा, त्यानंतर यंत्राचा. वायूचे नाव शेवटी लिहावे. हा क्रम पाळला तर यंत्र वाचेल, आणि यंत्राची राखण करणाराही सुखरूप घरी जाईल.