यादी एका दिवसाची, गरिबी नऊ वर्षांची

(केम, ता. करमाळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘विविध शास्त्रांच्या संशोधनातील अनुदैर्ध्य सहसंबंध’ असा विषय आपण मला दिला आहे. शब्द जड आहे, गोष्ट तितकी जड नाही. शंभर घरांकडे एकाच दिवशी पाहून दोन बाबींची सांगड घालता येते. त्याच शंभर घरांकडे वर्षानुवर्षे पाहत राहूनही ती घालता येते. पहिल्या रीतीत आपण एका घराची तुलना शेजारच्या घराशी करतो. दुसरीत त्याच घराची तुलना त्याच्याच काल-परवाच्या स्थितीशी. दोहोंची उत्तरे पुष्कळदा निराळी येतात. राज्यकर्ते मात्र बहुधा पहिल्या रीतीवरच कारभार हाकतात, ही माझी तक्रार आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. येथून सोलापूरच्या गाडीत बसले की कुर्डुवाडी, माढा मागे टाकून मोहोळ येते. त्या तालुक्यातील शिरापूर हे गाव जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. आपल्या जिल्ह्यात त्याची ही कीर्ती कितीजणांच्या कानी आली असेल, याची मला शंकाच आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने १९७५ साली सहा गावे निवडली : आपल्या जिल्ह्यातील शिरापूर व कळमण, दोन अकोला जिल्ह्यातील, आणि दोन तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील. प्रत्येक गावातील चाळीस कुटुंबे घेतली. दहा भूमिहीन मजुरांची, तीस लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची. अन्वेषक गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच उंबऱ्याशी पुन्हा जात. काय पेरले, काय विकले, मजुरी किती दिवस मिळाली, उसनवारी कोणाकडून केली, हे सारे नोंदले गेले. शिरापुरात हे काम सुमारे दहा वर्षे चालले आणि २००१ नंतर पुन्हा सुरू झाले.

या वह्यांतून काय निघाले? राघव गैहा व अनिल देवळालीकर यांनी १९७५-७६ ते १९८३-८४ या नऊ वर्षांचा हिशेब मांडून तो १९९३ साली प्रसिद्ध केला. नऊही वर्षे गरीब असलेली कुटुंबे सुमारे एक-पंचमांश होती. एकदाही गरीब न झालेली जेमतेम एक-अष्टमांश. उरलेली, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबे, कधी रेषेच्या खाली तर कधी वर होती. पाऊस हुकला, बैल विकावा लागला, घरातले कर्ते माणूस अंथरुणाला खिळले, की खाली. एखादे पीक साधले की वर. एका वर्षाच्या शिरगणतीत हे मधले दोन-तृतीयांश लोक दिसूच शकत नाहीत. त्या वर्षी ते कोणत्या बाजूला सापडले, एवढेच दिसते.

आहाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ग्रामीण महाराष्ट्राच्या १९८३ सालच्या पाहणीवरून शंकर सुब्रमणियन व अँगस डीटन यांनी १९९६ साली दाखवले की, खर्च दहा टक्क्यांनी अधिक असलेल्या घरात उष्मांक तीन ते पाच टक्के अधिक आढळतात. पण देवळालीकर व जेर बेहरमन यांनी इक्रिसॅटच्या गावांतील त्याच त्या घरांचा माग काढला, तेव्हा त्यांना १९८७ साली निराळे चित्र दिसले होते : उत्पन्न वाढले की अन्नावरचा खर्च वाढतो, पोषण मात्र जवळजवळ जागच्या जागी राहते. हा वाद मिटलेला नाही. घरे थोडी असली की मोजमापातील लहानशी चूकही सहसंबंध पुसून टाकते, हा डीटनपक्षाचा आक्षेप मला वजनदार वाटतो. दीर्घकाळ पाहिले म्हणजे सत्य आपोआप हाती लागते, अशा भ्रमात कोणी राहू नये.

वैद्यकाने यापुढचे पाऊल टाकले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची नोंद गर्भारपणाच्याही आधीपासून सुरू केली. (इंग्रजीत लिहिले तर त्या रुग्णालयाचे व तुमच्या गावाचे नाव एकच; हा मात्र निव्वळ योगायोगाचा सहसंबंध!) गर्भारपणी जिच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक, असे त्यांना २००८ साली आढळले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तीच मुले किशोरवयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना ब-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो याचा प्रयोग त्यांनी आरंभला. सहसंबंधाकडून कारणाकडे जाण्याची वाट अशी असते. तिला वीस-वीस वर्षे लागतात.

आणि सहसंबंध स्वतःही म्हातारा होतो. प्रशांत महासागरातील एल निनो आणि आपला मान्सून यांची जुनी जोडी सैल पडत असल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील के. कृष्णकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले. १९९७ साली एल निनो प्रचंड होता, तरी देशभराचा पाऊस सरासरीला पोचला. २००२ साली तो मध्यम होता, आणि देशात दुष्काळ पडला.

आता यादीकडे वळू. २००२ साली दारिद्र्यरेषेखालील ग्रामीण कुटुंबे शोधण्यासाठी तेरा प्रश्न विचारले गेले, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. त्या एका मोजणीवर पुढे वर्षानुवर्षे योजना चालल्या. ज्याचे पीक त्या साली बरे आले आणि पुढच्या साली गेले, त्याने दाद कोणाकडे मागायची? याउलट १९७२च्या दुष्काळी कामांतून उभ्या राहिलेल्या आणि १९७७ साली कायदा झालेल्या आपल्या रोजगार हमीने यादीच मागितली नाही. ज्याला गरज, त्याने कामावर यावे. त्या मधल्या दोन-तृतीयांशांसाठी हाच दरवाजा योग्य होता. शिरापूरसह महाराष्ट्रातील दोन गावांत भूमिहीनांच्या उत्पन्नातील चढउतार, हमी नसलेल्या आंध्रातील औरेपल्लीच्या जवळपास निम्मे होते, असे थॉमस वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले आहे. गावे वेगळी, पाऊस वेगळा, बाजार वेगळा; म्हणून याला मी निर्णायक पुरावा म्हणणार नाही. पण हमीच्या मजुराला आळशी म्हणणाऱ्यांनी निदान हे आकडे तरी वाचावेत.

केमच्या तरुणांना माझी एक विनंती आहे. चाळीस घरे निवडा. कुंकवाच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची घरे त्यांत अवश्य घ्या. नावे वहीत लिहू नका, क्रमांक लिहा. दर महिन्याला कामाचे दिवस, मजुरीचा दर, ज्वारीचा भाव, काढलेले कर्ज आणि विकलेले जनावर एवढ्याच नोंदी ठेवा. रब्बीच्या पेरणीआधी पहिली फेरी सहज होईल. दुसऱ्या वर्षी पोरे कंटाळतात, तेव्हा वही कोणाच्या हाती द्यायची हे आजच ठरवून ठेवा.