ध्रुवप्रदेशांतील तेल आणि छायाचित्रकाराचा डोळा



१९ मार्च २००३ रोजीं अमेरिकेच्या सेनेटमध्यें, वादविवाद ऐन भरांत असतांना, बार्बरा बॉक्सर या सभासद बाईंनीं एक छायाचित्र उंच धरून सर्वांस दाखविलें. गोठलेल्या पाण्यावरून एक पांढरें अस्वल चाललें आहे, एवढाच त्याचा विषय. वाद मात्र अस्वलाचा नव्हता, तेलाचा होता. अलास्काच्या ईशान्य कोपऱ्यांत वन्य प्राण्यांसाठीं राखून ठेवलेला एक विस्तीर्ण प्रदेश आहे. त्याच्या किनारपट्टींत तेलविहिरी खणूं द्याव्यात कीं नाहीं, असा तो प्रश्न. खणावें म्हणणाऱ्यांचें सांगणें असें कीं, ती भूमि म्हणजे वर्षांतील बहुतेक काळ नुसता पांढरा, ओसाड पट्टा. तेथें बिघडण्यासारखें आहे काय? त्या दिवशीं खणण्याची तरतूद ५२ विरुद्ध ४८ मतांनीं वगळण्यांत आली. छायाचित्रानें मतें फिरविलीं असें मी म्हणणार नाहीं. मतें बहुधा आधींच ठरलेलीं असतात. पण जी भूमि मत देणाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं डोळ्यांनीं पाहिली असेल, तिच्या बाजूची साक्ष म्हणून एक छायाचित्र उभें राहिलें, ही गोष्ट विचार करण्याजोगी खास आहे.

तें चित्र शुभंकर बॅनर्जी या बंगाली गृहस्थांनीं काढलेलें. अमेरिकेंतील चांगली नोकरी सोडून २००१ व २००२ सालांत सुमारें १४ महिने त्यांनीं त्या प्रदेशांत काढले, आणि ते चारहि ऋतूंत काढले. ऋतु हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. पांढरा ओसाड पट्टा दाखविणारें चित्र खोटें नसतें. तें जानेवारींतलें असतें. त्याच जागीं जूनमध्यें कॅरिबू नांवाचे, रेनडियरच्याच जातीचे प्राणी हजारोंनीं वितात आणि खंडोखंडींहून आलेले पक्षी अंडीं घालतात. २००३ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत हीं चित्रें मांडण्यांत आलीं, तीं ठरलेल्या मोक्याच्या जागेऐवजीं खालच्या मजल्यावर, आणि चित्रांखालचा मजकूर बराच छाटून. राजकीय दडपणाची कुजबुज झाली. संग्रहालयानें ती नाकारली. निरुपद्रवी निसर्गचित्रांच्या वांट्यास एवढा मान सहसा येत नाहीं!

आतां या राखीव प्रदेशाच्या पश्चिमेकडे चला. तेथें त्याच समुद्रकांठीं प्रूडो बे आहे. १९६८ सालीं तेथें तेल सांपडलें. तें दक्षिणेस वाल्डीझ बंदरापर्यंत नेण्यासाठीं ८०० मैल लांबीचा, चार फूट व्यासाचा नळ घातला गेला व जून १९७७ मध्यें त्यांतून तेल वाहूं लागलें. १९८८ च्या सुमारास हा प्रवाह दिवसाला २० लाख पिंपांवर गेला होता; अलीकडे तो त्याच्या चतुर्थांशाच्या आसपास आहे. नळांतलें तेल ऊन असतें आणि खालची जमीन बारमाही गोठलेली. ऊन नळ तींत पुरला तर ती वितळून खचावयाची. म्हणून अर्ध्याहून अधिक अंतर हा नळ खांबांवर उचलून नेला आहे. खांबांतून अमोनिया भरलेल्या नळ्या बसविल्या आहेत. त्या हिंवाळ्यांत जमिनींतील उष्णता वर खेंचून हवेंत सोडतात. उष्णतेनें तो फुगतो व थंडीनें आखडतो, म्हणून तो सरळ न नेतां नागमोडी नेला आहे. हा चकाकणारा नागमोडी नळ छायाचित्रकारांचा मोठा लाडका.

आणि येथेंच त्यांची खरी पंचाईत आहे. ज्यासाठीं एवढा खटाटोप, तें तेल कोठेंच दिसत नाहीं! तें हजारों फूट खालीं असतें, तेथून तें नळांत शिरतें आणि नळांतून थेट जहाजांत. कॅमेऱ्यापुढें राहतात ते खडीचे चौथरे, दिवे, लांबच लांब रस्ते आणि धुकें. तेथवर पोंचणेंहि सोपें नाहीं. ४१४ मैलांचा डाल्टन मार्ग १९९४ पासून सर्वांस मोकळा झाला खरा. पण डेडहॉर्स या वसाहतीपाशीं खाजगी प्रवाशाची वाट संपते. पुढें पहारा आहे, आणि समुद्र पाहावयाचा तर ठराविक गाडींतून, ठराविक वाटेनें. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. थंडीनें बॅटरी मान टाकते, फिल्म ठिसूळ होऊन तुटते आणि भराभर गुंडाळली तर विजेच्या ठिणगीच्या रेषा तिच्यावर उमटतात. बाहेरून उबदार खोलींत शिरतांना कॅमेरा आधीं बंद पिशवींत घालावा लागतो. नाहीं तर भिंगावर दंव जमलेंच. शिवाय बर्फाच्या उजेडानें प्रकाशमापक फसतो आणि पांढरें शुभ्र तें करडें करून ठेवतो.

इतकें सोसून मिळालेल्या चित्रांतलें एक फार फिरलेलें चित्र म्हणजे नळाखालीं शांतपणें उभे असलेले कॅरिबू. तेलवाले तें अभिमानानें दाखवितात, आणि तें खरें आहे. उन्हाळ्यांत डांस व माशा या प्राण्यांना वेडें करून सोडतात. तेव्हां वारा लागणाऱ्या खडीच्या चौथऱ्यांवर अन् नळाच्या सावलींत ते आश्रय घेतात. पण वितांना व पाडसें अगदीं लहान असतांना माद्या रस्ते आणि नळ यांपासून दूर राहतात, असें अभ्यासकांना आढळलें आहे. त्या न आलेल्या माद्यांचें चित्र कसें काढावयाचें?

उलट कांहीं गोष्टी जमिनीवरून दिसत नाहींत, उंचीवरून दिसतात. १९८४ व १९८५ च्या हिंवाळ्यांत राखीव किनारपट्टींत भूगर्भाची तपासणी झाली. जड गाड्या बर्फावरूनच हिंडल्या. तरीहि त्यांच्या कांहीं वाटा पंचवीस वर्षांनंतरहि विमानांतून हिरवट रेघांसारख्या स्पष्ट दिसत. आणि मार्च २००६ मध्यें प्रूडो बेच्या एका गंजलेल्या नळांतून दोन लाख गॅलनांहून अधिक तेल सांडलें, तें कांहीं दिवस बर्फाखालीं कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं. एका कामगाराच्या तें वासावरून लक्षांत आलें. तेथें कॅमेरा काय करणार!

मला या सुंदर चित्रांविषयीं एक तक्रार आहे. पुष्कळांतून माणूस गायब असतो. काक्टोविक हें राखीव किनारपट्टीवरचें एकुलतें एक गांव, इन्यूपियाट लोकांचें. तेथील अनेकांना तेल हवें आहे; कारण तेलावरील करांतूनच त्या भागांत शाळा, दवाखाने आणि नळाचें पाणी आलें. डोंगरांपलीकडचे ग्विचिन लोक कॅरिबूच्या शिकारीवर जगतात; त्या कळपांची वीण जेथें होते ती भूमि ते पवित्र मानतात, आणि त्यांचा विरोध कडवा आहे. निर्मनुष्य चित्र दोघांवरहि अन्याय करतें. या दृष्टीनें एखाद्या घरांतील कॅरिबूच्या मांसाची हंडी, किंवा नव्या शाळेच्या दारांतलीं मुलें, हीं मला अस्वलाइतकींच मोलाचीं साक्ष वाटतात.

२००३ नंतरहि हा वाद मिटला नाहीं. २०१७ च्या कायद्यानें किनारपट्टी खुली केली. जानेवारी २०२१ च्या पहिल्या लिलावांत मोठ्या तेलकंपन्या फिरकल्या नाहींत, आणि जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावांत एकहि बोली आली नाहीं. तरीहि त्याच वर्षींच्या जुलैमधील कायद्यानें आणखी चार लिलाव ठरविले आहेत.