घरची कोठी आणि खरी काटकसर



संसाराचा खर्च कमी करावयाचा म्हटला कीं, बहुतेक घरांत पहिली कात्री दुधावर आणि भाजीवर चालते. घरभाडें कमी होत नाहीं, मुलांची फी थांबत नाहीं, विजेचें बिल तर भरावेंच लागतें. मग उरतें तें पोट. पोट बिचारें तक्रार उशिरां करतें, म्हणून त्यालाच चिमटा बसतो. परंतु अशा रीतीनें वांचविलेला पैसा पुढें औषधांच्या दुकानांत जातो, आणि अशक्त मुलांच्या रूपानें त्याचें व्याजहि भरावें लागतें. याला काटकसर म्हणतां येणार नाहीं. खरी काटकसर आपल्याच घरांत कोठें सांपडते, तें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

मी वैद्य नव्हें, आहारशास्त्रज्ञहि नव्हें. सारें आयुष्य मुलांना गणित शिकविण्यांत गेलें आणि आतां निवृत्तिवेतनावर घर चालतें. तेव्हां हिशेबी माणसाच्या दृष्टीनेंच मी या प्रश्नाकडे पाहतों.

आपल्या घरांत दोन प्रकारचें अन्न येतें. एक कोठींतलें, म्हणजे वर्षाचें अथवा महिन्याचें भरलेलें : ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, कडधान्यें, शेंगदाणे, तीळ, गूळ, चिंच, आमसुलें. दुसरें ऐन वेळीं आणलेलें : पाव, फरसाण, बिस्किटें, तयार पुडे, उपाहारगृहांतून मागविलेलें जेवण. पहिलें स्वस्त आणि सकस, दुसरें महाग आणि बहुधा निकस, हें कोणास ठाऊक नाहीं ? मग ठाऊक असूनहि ऐन वेळचें अन्न घरांत कां येतें ? कारण असें कीं, कोठींतील अन्न आगाऊ विचार मागतें. संध्याकाळीं सात वाजतां डब्यांत कोरडी असलेली मटकी आठ वाजतां ताटांत येत नाहीं. ती आदल्या दिवशीं सकाळींच भिजत पडावयास हवी. कोठीवरचें जेवण आदल्या दिवशीं सुरू होतें, हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे बाकीचें सर्व सोपें आहे.

आतां या कोठीचें सामर्थ्य पाहूं. १९१८ सालीं कुन्नूरच्या एका लहानशा प्रयोगशाळेंत ज्या कार्यास आरंभ झाला, तें पुढें हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या रूपानें वाढलें. अन्नांतील घटकांचीं तिचीं कोष्टकें पाहिलीं, तर १०० ग्रॅम तांदळांत प्रथिनें ७ ते ८ ग्रॅम, ज्वारींत सुमारें १०, आणि बहुतेक डाळी-कडधान्यांत २० ते २५ ग्रॅम आढळतात. शिवाय धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नांवाचा घटक उणा असतो, तो डाळींत पुष्कळ आहे. डाळींत मेथिओनिन उणें असतें, तें धान्यांत मिळतें. वरण-भात, पिठलें-भाकरी, मुगाची खिचडी या जोड्या एकमेकांची उणीव अशी भरून काढतात. तीन वाट्या धान्यास एक वाटी डाळ, हें प्रमाण सांभाळावें. नाचणी तर कॅल्शियमची खाणच : १०० ग्रॅमांत सुमारें ३५० मिलिग्रॅम. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां शहरांतील दुकानांत नाचणीचे पुडे झळकूं लागले. आपल्या आजीच्या मडक्यांत ती आधींपासून होतीच.

कडधान्यास मोड आणले म्हणजे, कोरडेपणीं त्यांत जवळजवळ नसलेलें क जीवनसत्त्व उत्पन्न होतें, आणि एक वाटी मटकीच्या दोन-अडीच वाट्या होतात. उसळीवर लिंबू पिळलें, तर तिच्यांतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाला लागूनच चहा घेतला, तर तें कमी लागतें.

व्यवस्थेसाठीं स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावावा. सोमवारीं मटकीची उसळ आणि भाकरी. मंगळवारीं मुगाची खिचडी व आमसुलाचें सार. बुधवारीं पिठलें-भाकरी आणि जवसाची चटणी. गुरुवारीं चवळी आणि भात. शुक्रवारीं भाजणीचें थालीपीठ व ताक. शनिवारीं कुळथाची पिठी आणि भात. रविवारीं वालाचें बिरडें. वाल सोलावयास वेळ लागतो, म्हणून ते रविवारीं, सारें घर हाताशीं असतांना. प्रत्येक जेवणाच्या नांवापुढें ‘भिजत केव्हां’ हा रकाना मात्र हवाच. वाल शुक्रवारीं रात्रीं भिजले नाहींत, तर रविवारीं बिरडें नाहीं.

बाजारास निघण्यापूर्वी डबे उघडून पाहावे. ज्या घरांत तीन डब्यांत तीन वेळां आणलेली मुगाची डाळ निघते, तेथें पैसा कोठें गेला हें शोधावयास नको. धान्य कडक उन्हांत वाळवून, पूर्ण निवल्यावर भरावें. डाळींना एरंडेलाचा हात लावावा. जुनें संपल्यावांचून त्यावर नवें ओतूं नये. एका बाबतींत मात्र काटकसर करूं नये. बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा कुबट वासाचें पीठ सरळ टाकून द्यावें. बुरशीमुळें आफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होऊं शकतें आणि तें शिजवूनहि नाहींसें होत नाहीं.

कोठी सर्व कांहीं देते असें मात्र नाहीं. पालेभाजी, फळ आणि दूध यांची जागा पापड-लोणच्यांनीं भरून निघत नाहीं. त्यांत मीठच फार. म्हणून ऐन वेळचे पुडे टाळून जो पैसा वांचेल, त्यांतील पहिला वाटा मेथी, शेवग्याचा पाला, पेरू, आवळा, दूध आणि खाणाऱ्यांच्या घरीं अंडें यांस द्यावा. उरेल तो शिलकेंत टाकावा. या क्रमानें गेलें, तर खर्चहि कमी होतो आणि ताटहि भरलेलें राहतें. क्रम उलटा केला, तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

शेवटीं एक विनंति. हा सारा भार घरच्या बाईवर टाकूं नये. कागद लिहिणें, कडधान्य निवडणें, तें वेळेवर भिजत घालणें हीं कामें घरांतील पुरुषांस आणि दहा वर्षांच्या मुलांसहि येण्याजोगीं आहेत. मूठभर मटकीला मोड कसे येतात हें ज्या मुलानें रोज पाहिलें, त्याला अन्नाची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं.

आज निजण्यापूर्वी आपल्या कोठींतील एक डबा उघडा, आणि एक वाटी कडधान्य भिजत घाला. उद्यांच्या खर्चाचा अर्धा प्रश्न तेथेंच सुटेल.