ताण गेला, तरी बरं का वाटत नाही?

कमिटीने वेळ मोजून दिलाय, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

"डॉक्टर, मुलीचं लग्न पार पडलं, कर्जही फिटलं, तरी झोप का येत नाही?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. ताण आला की त्या कॉर्टिसोल सोडतात आणि रक्तातली साखर वाढते. धावत लोकल पकडायला हे ठीक. पण वर्षानुवर्षं चाललं, की झोप बिघडते, पोट सुटतं, रक्तदाब वाढतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाईकांची सेवा करणाऱ्या अमेरिकेतल्या बायकांच्या छोट्याशा जखमा भरायला इतरांपेक्षा सुमारे ९ दिवस जास्त लागले होते!

हे भरून येतं का? येतं. महिनाभर परीक्षेच्या ताणात असलेल्या २० वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं लक्ष नीट वळत नव्हतं. ताण उतरल्यावर महिन्याभराने ते पूर्ववत झालं. ती तरुण मुलं होती हो, आपण जरा जास्त धीर धरायचा. लोणावळ्याचे दोन दिवस पुरत नाहीत.

रोज ठरल्या वेळी उठा, सकाळच्या उन्हात चाला, रात्री दहा मिनिटं संथ श्वास घ्या. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. आणि पार्किंगचे वाद रात्री अकराला ग्रुपवर नकोत, सकाळी घ्या.

आणखी काही विचारायचं असेल तर चहाच्या वेळी भेटूच.