पहिला गळपट्टा



पवनेच्या काठी वसलेल्या आमच्या पिंपळे गुरवात पौषातल्या पहाटे पाळीवर निघणाऱ्यास वारा कसा झोंबतो, हे आपण जाणताच. त्याच्या गळ्याभोवती घरच्या हातांची ऊब असावी, म्हणून हे चार शब्द.

नवशिक्याने जाड लोकर व 8 मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. बारीक लोकरीने धीर खचतो. जाड लोकरीत टाका स्पष्ट दिसतो व काम भरभर वाढते. 20 टाके घालून प्रत्येक ओळ सुलटच विणावी. अशी वीण दोन्ही अंगांनी सारखी दिसते व तिच्या कडा वळत नाहीत. दीड मीटर लांबी भरताच टाके बंद करावेत.

मात्र प्रत्येक ओळीअखेर टाके मोजावेत. 19 भरल्यास एक गळला, 21 भरल्यास एक वाढला, असे समजून तेथवर उसवावे. त्यात कमीपणा नाही. उसवलेली लोकर पुन्हा विणता येते.

1962 साली सीमेवरील जवानांसाठी देशभरच्या स्त्रियांनी लोकरीचे कपडे विणले. ती विद्या आता मुलींबरोबर मुलांनीही हाती घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.