गंजिफाचा डाव : सावंतवाडी ते बेंगळुरू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात पत्त्यांवर भाषण ठेवले म्हणून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या, हे आम्ही जाणतो. पत्ते म्हणजे रिकामपणाचा उद्योग, अशीच आपल्या घरांतली शिकवण. परंतु आज जो विषय मांडावयाचा आहे, तो दुसऱ्याचा डाव आपल्या घरी आणताना त्यात काय बदलावे आणि काय बदलू नये, हा आहे. आणि परमुलखात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना तो परका नाही.

गंजिफा मूळची आपली नव्हे. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफाची पाने धाडली, अशी बाबरनाम्यात नोंद आहे. पुढे अकबराने या पानांत स्वतः फेरफार केल्याचे अबुल फजल सांगतो. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. ताज, शमशेर, गुलाम अशी दरबारी नावे. ती आपल्याकडे आली तेव्हा इथल्या लोकांनी दरबार बाजूस सारला आणि त्या जागी दशावतार बसविले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने, अशी एकूण १२० पाने झाली. मोगली डाव दिवसा सूर्याच्या रंगाने आणि रात्री चंद्राच्या रंगाने सुरू होई. आपल्या पूर्वजांनी दिवसा राम आणि रात्री कृष्ण अशी त्याची व्यवस्था लावली. सूर्यवंश आणि सोमवंश! पाने दुसऱ्याची, पण ही सूक्ष्म दृष्टी कोणाची, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

विलायती पत्त्यांचेही तेच झाले. त्यांतले काळीज आपल्याला बदामासारखे दिसले आणि आपण त्याला बदामच म्हणू लागलो. चौकटही आकारावरून आली. बदामसात खेळणाऱ्या मुलाला त्या पानावर काळीज आहे, हे सांगूनही पटत नाही.

सावंतवाडीत चितारी मंडळींनी लाखेच्या कामाबरोबर ही गोल पाने रंगविली. चिंचोक्याच्या खळीने तयार केलेल्या पृष्ठावर हाताने चित्र काढावयाचे. श्रीमंतांसाठी दरबारी कलम, सामान्यांसाठी बाजार कलम. छापील पत्ते आले आणि ही कला विझू लागली. १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती सावरली. तेथे गंजिफाच्या शैलीत ५२ पानांचे विलायती जोडही रंगविले गेले. ज्यांना हा बाटवाबाटवीचा प्रकार वाटतो, त्यांनी त्या कारागिरांच्या पोटाचाही विचार करावा.

आपण ज्या प्रदेशात राहतो, तेथील राजाने तर याहून मोठे धाडस केले. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) यांनी गंजिफाचे अनेक नवे डाव रचले. ते 'श्रीतत्त्वनिधि' या त्यांच्या ग्रंथात आले आहेत आणि त्यांतील मोठ्यात मोठ्या डावाची पाने ३६० आहेत. ३६० पाने लक्षात कोण ठेवणार, हा प्रश्न आम्हालाही पडतो. पण राजांना सवड असते.

आता आपल्या घरची गोष्ट. एका सभासद कुटुंबाने सावंतवाडीचा दशावतारी जोड मंडळाला काही दिवसांसाठी दिला. मूळ पाने मुलांच्या हाती देणे शक्य नव्हते, म्हणून पुठ्ठ्यावर नक्कल केली आणि तिथून वाद सुरू झाला. तिघांत १२० पाने म्हणजे प्रत्येकी ४०. मुलांच्या मुठीत ती मावत ना. लहानांसाठी पाच अवतारांचा ६० पानांचा डाव ठरला. यावर कोणाची तक्रार नव्हती. आपली नातवंडे मराठी अंक वाचत नाहीत आणि शेजारची मुले कन्नड अंक जाणतात, म्हणून कडेला दोन्ही अंक लिहिले. इथे थोडी कुरकुर झाली, पण ती टिकली नाही.

खरा प्रश्न नियमांचा होता. गंजिफात निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत प्रधानाखालोखाल एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. हुकूम नाही, आपल्या हातचे पान त्या रंगात या घटकेला सर्वांत वरचे आहे की नाही, हे ध्यानात ठेवण्यावर सारा खेळ. मुलांना हे उलटसुलट फार जड जाते, म्हणून सगळे रंग सरळ करावेत, अशी काही पालकांची सूचना आली. आम्ही तिला ठाम विरोध केला. पाने कमी केली तरी डाव राहतो; ही उलटापालट काढली तर गंजिफा उरत नाही, केवळ गोल पत्ते उरतात. मुले पंधरवड्यात शिकली, पालकांना मात्र अधिक वेळ लागला.

सर्वांत नाजूक पान नवव्या अवताराचे. आपल्या सभासदांत बौद्ध कुटुंबे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, हे स्पष्ट सांगितले आहे. अशा घरातल्या मुलाने बुद्धाचे पान 'अवतार' म्हणून टाकावे काय? 'खेळच तर आहे' असे उत्तर देणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांत नवव्या स्थानी विठ्ठल दिसतो, ओडिशाच्या गंजिफात जगन्नाथ. परंपरेनेच वाट ठेवलेली होती. आमच्या नकलेत नववा रंग विठ्ठलाचा झाला, आणि शेजारच्या कन्नड आजींना तो पुरंदरदासांचा वाटला, याचा आम्हाला आनंद आहे. मूळ जोडाला मात्र हात लावलेला नाही. तो जसा आला तसा परत गेला.

सध्या पुठ्ठ्याचे तीन जोड कार्यालयात आहेत. पैकी एकात वराहाचा प्रधान हरवला आहे. चन्नपट्टणच्या लाखकाम करणाऱ्यांकडून लाकडी पेटी करून घेण्याचा विचार चालू आहे. आपल्या कोकणातल्या घरी, माळ्यावर वा जुन्या ट्रंकेत, गोल पाने असतील, किंवा जुन्या रीतीने हात मोजणारे कोणी वृद्ध असतील, तर कार्यवाहांना कळवावे. मोजणीच्या दोन रीती आम्ही ऐकल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.