कर्किडकातलं तेल

केरळात मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट हा कर्किडकम महिना. पाऊस धो धो, पर्यटक कमी. आयुर्वेदिक रिसॉर्टांचा मात्र हाच हंगाम. दमट हवेत अंग उपचाराला साथ देतं, अशी तिथली जुनी समजूत.

माहितीपत्रकात निळं पाणी आणि माड. प्रत्यक्षात पाहुण्याचा बराच वेळ जातो तो द्रोणीवर, म्हणजे तेल ओघळू नये म्हणून कडा ठेवलेल्या लाकडी मेजावर. पिळिच्चिलमध्ये कोमट तेलात बुडवलेलं फडकं अंगावर पिळत राहतात. शिरोधारेत कपाळावर संथ धार. सुख खरंच असतं. पण नंतर? केस तेलकट, टॉवेल वाळता वाळत नाहीत, खिडकीशी डास, आणि ताटात मासळीऐवजी मेथी घातलेली कडवट कांजी. वर दारू बंद, दुपारची झोपही बंद! मौजेसाठी आलेला माणूस हिरमुसतोच.

तासाभराचा मसाज वेगळा, वैद्यानं तपासून आखलेला उपचार वेगळा. १९०२ साली सुरू झालेली कोट्टक्कलची आर्य वैद्यशाला दुसऱ्या प्रकारातली. रिसॉर्टमध्ये दोन्ही एकाच दरपत्रकात असतात, म्हणून खोली घेण्याआधी एवढंच विचारावं: वैद्य रोज तपासतात का?